सूर विझेपर्यंत ऐकणं : जळगावच्या एका पियानो विद्यार्थिनीचं प्रकरण

खानदेशात पियानोकडे वळणारी पुष्कळ मुलं पेटीवरून येतात. घरात भजनाची पेटी असते, गांधर्व मंडळाच्या दोन-तीन संगीत परीक्षा झालेल्या असतात. मग दहावीच्या सुमारास घरचे डिजिटल पियानो घेऊन देतात आणि पुण्या-मुंबईच्या शिक्षकांकडे ऑनलाइन तास सुरू होतो. या वाटेने आलेल्यांबद्दल वर्ष-दोन वर्षांत एक तक्रार हमखास येते : सूर बरोबर, लय बरोबर, पण वाजवण्यात भाव नाही. खालचं प्रकरण प्रातिनिधिक आहे. अशा विद्यार्थ्यांत वारंवार दिसणाऱ्या गोष्टी जळगावच्या एका अकरावीतल्या मुलीवर बेतून एकत्र मांडल्या आहेत.

मुलीची पेटीची प्रवेशिका पूर्ण झालेली. पियानो दीड वर्षापासून. वाद्य ८८ पट्ट्यांचं, वजनदार पट्ट्यांचं डिजिटल, बसायच्या खोलीत भिंतीला लावलेलं. परीक्षेसाठी घेतलेली रचना म्हणजे शोपँ या संगीतकाराचं ई मायनरमधलं प्रिल्यूड, म्हणजे छोटी पियानो-रचना, ओपस २८ या संचातलं चौथं. १८३९ साली छापलेली ही रचना फक्त २५ मापांची, म्हणजे चार-चार मात्रांच्या २५ तुकड्यांची आहे. उजव्या हाताला एकेरी, संथ चाल आणि डाव्या हाताला सलग कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजवलेले सूर. बोटांना फारसं अवघड नाही म्हणून ती शिकणाऱ्यांना लवकर दिली जाते. कानाला मात्र ती चांगलीच अवघड आहे, आणि हे देताना सांगितलं जात नाही.

तासाच्या वहीत ऑनलाइन शिकवणाऱ्या मॅडमचे शेरे असे : ‘डावा हात जड’, ‘उजवा ऐकू येत नाही’, ‘अजून भाव हवा’. तिसऱ्या शेऱ्याने सगळा घोळ केला. भाव आणायचा म्हणून मुलगी प्रत्येक मापाच्या शेवटी लय ओढू लागली, चालीचा प्रत्येक सूर जरा जास्त दाबू लागली आणि मान हलवू लागली. रचना अडीच मिनिटांवर गेली. डोळे मिटून ऐकलं तर आधीपेक्षा सपाट. ‘मॅडम, मी तर सगळं मनापासून वाजवतेय,’ हे तिचं म्हणणं खरंच होतं.

आधी खोली तपासली

भाव वगैरे बाजूला ठेवून पहिल्यांदा पाहिलं की या मुलीच्या कानापर्यंत नेमकं काय पोचतंय. मे महिना. जळगावात पारा ४४-४५ अंशांवर, म्हणजे दुपारी बारापासून रात्री उशिरापर्यंत कूलर चालू. रियाझ संध्याकाळी सात ते आठ, कूलरसमोर. कूलरचा घरघराट सलग असतो आणि काही मिनिटांत कान त्याकडे दुर्लक्ष करतो; पण त्या आवाजाखालचं सगळं झाकलेलंच राहतं. पियानोचा हळू सूर दोन-तीन सेकंदांत त्याच्याखाली जातो. मग वाजवणारा नकळत आपला सर्वांत हळू आवाजच वर उचलतो. कागदावर ‘पियानो’ म्हणजे हळू असं लिहिलेलं, हाताखालून मध्यम निघतंय, आणि वाजवणाऱ्याला तेच हळू वाटतंय.

दुसरी गोष्ट वाद्याची. आवाजाचा खटका एक-तृतीयांशावर, कारण शेजारी त्रास. टच सेटिंग ‘सॉफ्ट’वर, म्हणजे बोट हलकं पडलं तरी आवाज पटकन वाढतो. सुरुवातीला हे सोपं वाटतं म्हणून कोणीतरी तसं करून ठेवतं आणि मग ते कायम राहतं. अशा वाद्यावर हळू वाजवायची जागाच अरुंद होते : बोटाच्या थोड्याशा फरकाने आवाज एकदम मध्यमावर जातो.

तिसरी गोष्ट सर्वांत फसवी. ती आठवड्याचं ध्वनिमुद्रण फोनच्या रेकॉर्डरवर करून मॅडमना पाठवायची. बऱ्याच फोनमधला रेकॉर्डर बोलण्यासाठी बनवलेला असतो; हळू आवाज आपोआप उचलतो, मोठा दाबतो. तिच्या मुद्रणात पहिलं माप आणि १७ व्या मापातला जोरकस भाग जवळजवळ सारख्याच आवाजात होता. ती ते ऐकून म्हणायची, फरक तर पडतोय, फोनमध्येच येत नाहीये. अर्धं खरं होतं. ऑनलाइन तासाचं ॲपही असंच वागतं : मागचा गोंगाट काढून टाकण्याच्या सोयीत लांबलेला, विझत चाललेला सूर गोंगाटच समजला जातो आणि कापला जातो. मॅडमना सूर तुटलेला ऐकू येतो, त्या ‘अजून जोर दे’ म्हणतात, मुलगी जोर देते. दोघींचं काही चुकत नाही, चुकतं ते मधल्या सेटिंगमध्ये.

म्हणून पहिल्या आठवड्यात पियानोचा एकही धडा दिला नाही. रियाझ सकाळी सहाला, कूलर बंद. टच सेटिंग ‘मीडियम’. आवाजाचा खटका दोन-तृतीयांश. मुद्रण वाद्याच्या आतल्या रेकॉर्डरवर किंवा लाइन-आउटच्या केबलने. ॲपमध्ये संगीतासाठीचं ‘मूळ आवाज’ सेटिंग चालू आणि गोंगाट काढणारी सोय बंद. हेडफोन फक्त रात्री, बोटांच्या कसरतीपुरते. एवढ्यानेच ‘उजवा ऐकू येत नाही’ हा शेरा निम्मा झाला.

(ज्यांच्याकडे खरा, तारांचा पियानो आहे त्यांनी कूलरची आणखी काळजी घ्यावी. उन्हाळ्यात कोरडी हवा आणि कूलरचा ओला झोत एकाच लाकडावर आला की ध्वनिफळी फुगते-आक्रसते आणि सूर उतरतात-चढतात. वाद्य कूलरच्या झोतात आणि बाहेरच्या भिंतीला कधीच लावू नये.)

मग कान

पेटीवर पट्टी हळू दाबा की जोरात, सूर तेवढाच. लहानमोठं होणं भात्याच्या हातात. आणि भाता चालू आहे तोवर सूर टिकतो, वाटलं तर वाढवताही येतो. पियानोत उलट आहे. हातोडी तारेला लागली की वाजवणाऱ्याचा अधिकार संपतो. त्या क्षणापासून सूर विझायला लागतो, आणि वरच्या पट्टीतले सूर खालच्यांपेक्षा लवकर विझतात. डिजिटल वाद्यात हीच वागणूक नमुन्यांतून उतरवलेली असते. पेटीवर वाढलेला कान सूर लागला की त्याच्याकडे पाठ फिरवतो, कारण पेटीवर तो सूर तसाच राहतो. तक्रारीचं मूळ आम्हाला इथे दिसलं.

आता या प्रिल्यूडची सुरुवात पाहा. खालच्या बी वरून एक सप्तक वर उडी, आणि मग मापामागून माप एकच हालचाल : बी तीन मात्रा, सी एक मात्रा. लांब बी खाली डावा हात आठ भागांपैकी सहा कॉर्ड वाजवतो. बी पहिल्याच क्षणी सर्वांत मोठा असतो आणि सहाव्या कॉर्डपर्यंत बराच विझलेला असतो. डावा हात सहाही वेळा सारख्याच वजनाने पडला तर तिसऱ्या-चौथ्या कॉर्डपासून चाल बुडते. मग विझलेल्या बी नंतर सी जर बी इतक्याच जोराने वाजवला तर तो ओरडल्यासारखा येतो, कारण त्याची तुलना होते ती बी च्या उरलेल्या शेपटाशी. बी किती जोरात वाजवला होता याची आठवण कानाला राहत नाही.

तपासणीसाठी यूएसबी केबलने वाद्य संगणकाला जोडून प्रत्येक सुराचा वेग-आकडा, म्हणजे पट्टी किती वेगाने दाबली गेली, तो पाहिला. मिडी, म्हणजे वाद्य आणि संगणक यांच्यातल्या संदेशांच्या पद्धतीत तो १ ते १२७ असतो. तिच्या पहिल्या चार मापांत चालीचे सूर ६८ ते ७४ दरम्यान, डाव्या हाताच्या कॉर्ड ५८ ते ७०. म्हणजे दोन हातांत फरक जवळजवळ नाहीच. वर, प्रत्येक मापाचा पहिला बी सर्वांत मोठा, त्यामुळे चार मापांचं एक वाक्य न होता चार वेगळ्या सुरुवाती होत होत्या. आकडे वाद्यागणिक बदलतात, एका वाद्याचा ६० दुसऱ्यावर वेगळा ऐकू येतो. तेव्हा दोन हातांतलं अंतर तेवढं पाहायचं. आकडे तिला एकदाच दाखवले आणि केबल काढून ठेवली. रोज दाखवले तर मुलं आकडे वाजवायला लागतात.

पहिला सराव अगदी साधा. मधल्या सी च्या वरचा बी एकदा वाजवायचा, सूर लांबवणारं पायाचं पेडल नाही, बोट दाबलेलंच. लयीचे ठोके देणारा मेट्रोनोम मिनिटाला ६० वर. सूर पूर्ण विझेपर्यंत टकटक मोजायची. मुलीने चौथ्या ठोक्याला हात उचलला. ‘संपला’, म्हणाली. शेजारच्या खोलीत बसलेल्या आजी तिथूनच म्हणाल्या, ‘अगं, अजून वाजतोय की.’ पुन्हा वाजवला. या वेळी मोजणी अकरावर गेली. पेटीवर भजनं ऐकत म्हातारी झालेल्या बाईला तो सूर ऐकू येत होता आणि वाजवणारीला येत नव्हता, कारण ती पुढच्या सुराच्या तयारीत होती. हा सराव रोज पाच सूर, एवढाच. त्यात एक भर : तिसऱ्या ठोक्याला दुसरा सूर असा वाजवायचा की तो पहिल्याच्या उरलेल्या आवाजातून निघाल्यासारखा यावा. जास्त मोठा आला तर टोचतो, कमी आला तर भोक पडतं. दहापैकी सात वेळा बरोबर जमलं की पुढचा सूर.

दुसरा सराव तिच्या सरगमवर उभा केला, आणि इथे पेटीचं शिक्षण कामी आलं. पांढरी तीन, म्हणजे ई, हा षड्ज धरला की चालीची सुरुवात प आणि कोमल ध अशी होते : प – कोमल ध – प – कोमल ध. चौथ्या मापाच्या शेवटी तीव्र म आणि पाचव्यात शुद्ध म. डाव्या हाताची पहिली कॉर्ड मंद्रातला कोमल ग, मंद्र प आणि मध्य सा. ‘कोमल ध पंचमावर कसा टेकतो?’ एवढंच विचारलं. तिने गाऊन दाखवलं, आणि गाताना तिचा ध आपोआप किंचित भरीव आणि त्यानंतरचा प हलका आला. पियानोवर ती अगदी उलट करत होती : माप सुरू होतं म्हणून प वर ठोका आणि ध वाटेतला. पियानोवर ध ला आंदोलन देता येत नाही, सूर ठरलेलाच आहे. टेकणं दाखवायचं ते दोन सुरांच्या वजनातल्या फरकानेच. चार मापं एका श्वासात गायची अटही घातली. ६० च्या लयीला चार मापं म्हणजे १६ सेकंद, तिला जमली. ती वाजवत होती त्या ४४ च्या लयीला जवळजवळ २२ सेकंद होतात, तिथे श्वास तुटला. लय किती ओढली गेली आहे हे सांगायला वेगळा शेरा लागला नाही.

डावा हात वेगळा काढला. या कॉर्ड गिटारीसारख्या बदलत नाहीत. तीन सुरांपैकी बहुतेक वेळा एकच अर्ध्या सुराने खाली सरकतो, बाकीचे जागीच राहतात. प्रत्येक बदलाला एकच कॉर्ड, लांब धरून वाजवायची आणि ‘कोण हललं?’ हे सांगायचं : खालचा, मधला की वरचा. मग हललेला सूर तोंडाने गायचा. कॉर्ड ठोकत जाणारा हात आणि कोण हललं हे ऐकणारा हात यांत आवाजाचा फरक आपोआप पडतो. हे आठ दिवस केलं. सगळा नाट्यमय मजकूर या डाव्या हातातच आहे, चाल तर अर्धा वेळ एका जागी उभी असते, हे तिला पहिल्यांदा लक्षात आलं.

बोट आणि पेडल

डाव्या हाताच्या हळू कॉर्डसाठी बोटं पट्टीवरून उचलायची नाहीत. पट्टी साधारण १० मिलिमीटर खाली जाते. पुन्हा वाजवण्यासाठी ती पूर्ण वर येऊ द्यायची गरज डिजिटल वाद्यावर बहुधा नसते. ग्रँड पियानोवरही नसते, कारण त्यात सेबास्तियन एरारची, १८२१ मध्ये पेटंट झालेली दुहेरी सुटकेची यंत्रणा असते. उभ्या, म्हणजे अपराइट पियानोत ती सहसा नसते, तिथे पट्टी बरीच वर यावी लागते. परीक्षेच्या ठिकाणी कोणतं वाद्य आहे हे म्हणूनच आधी विचारून ठेवायचं.

तिसऱ्या आठवड्यात अपेक्षित घसरण झाली. हळू वाजवायच्या नादात कॉर्डमधला मधला सूर गळायला लागला. कारण यांत्रिक आहे, आणि डिजिटल वाद्य त्याचीच नक्कल करतं : तारांच्या पियानोत हातोडी तारेच्या दोन-तीन मिलिमीटर अलीकडे यंत्रणेतून सुटते आणि उरलेलं अंतर फेकल्यासारखं पार करते. सुटण्याच्या त्या टप्प्यावर पट्टीला वेगच नसेल तर हातोडी पोचत नाही. ‘हळू’ म्हणजे ‘सावकाश दाबणं’ असं तिने धरलं होतं. उपाय : पट्टी सुरुवातीला हळू, पण तळाशी जाईपर्यंत एकसारखी, थांबत-थांबत नाही. तिन्ही बोटांची टोकं आधी पट्टीला लावून मग हाताचं वजन एकदम टेकवायचं, तीन बोटं तीन वेळा हलवायची नाहीत. पाच-सहा दिवसांत गळणं थांबलं. त्याच आठवड्यात चाल वर काढण्यासाठी ती उजवं बोट उंचावून मारू लागली होती. तेही बंद केलं. चालीचा आवाज वाढवण्यापेक्षा डावा हात उतरवला की चाल आपोआप दिसते, आणि शोपँचा कागदही सुरुवातीला हळूच सांगतो.

पेडल : माप सुरू होताना दाबून ते संपेपर्यंत ती धरून ठेवायची. दोन कॉर्ड अर्ध्या सुराने वेगळ्या असल्यामुळे धुरळा व्हायचा. नियम एकच ठेवला : नवी कॉर्ड वाजली की लगेच पाय वर आणि लगेच खाली, कॉर्डच्या आधी नाही, कॉर्डबरोबर नाही. आधी मेट्रोनोमवर बोटं एकला, पाय दोनला असं वेगळं घोटलं. वाद्याबरोबर आलेलं चौकोनी, चालू-बंदचं पेडल बाजूला ठेवून अर्ध्या दाबाला दाद देणारं पेडल लावलं. पैसे खर्च करायचेच तर वाद्याच्या वरच्या मॉडेलपेक्षा आधी इथे करावेत असं आमचं मत आहे.

स्वतःचं ऐकणं

वाजवताना ऐकणं आणि मुद्रण ऐकणं ही दोन वेगळी कामं आहेत, दोन्ही शिकवावी लागतात. मुद्रण ऐकून ती लिहायची ‘बरं झालं’, ‘शेवट चुकला’. त्याचा उपयोग शून्य. नवी पद्धत अशी ठरली. मुद्रण लावण्याआधी एक ओळ लिहायची : कुठे काय झालं असेल. मग तीनदा ऐकायचं, पहिल्यांदा फक्त डावा हात, दुसऱ्यांदा फक्त लांब सुरांच्या शेपट्या, तिसऱ्यांदा सगळं. प्रत्येक शेऱ्याला मापाचा आकडा हवा. ‘माप ५, ए नंतरचा बी टोचला’ हा शेरा चालतो. आधीचा अंदाज आणि ऐकलेलं यांतलं अंतर कमी होत जातं तेवढी वाजवतानाची श्रवणशक्ती वाढते. प्रगती मोजायला आम्हाला यापेक्षा चांगलं माप मिळालेलं नाही.

नामवंतांची मुद्रणं पहिले पाच आठवडे बंद ठेवली. यावर मतभेद आहेत. पेटी आणि गाण्याच्या परंपरेत गुरूचं ऐकूनच उचलायचं असतं, मग इथे का नाही? अडचण अशी की या वयात मूल दुसऱ्याची लय उचलतं. तो वादक एखाद्या जागी थांबला त्याचं कारण, म्हणजे तिथे सूर किती उरला होता, ते उचलत नाही, कारण वाद्य आणि खोली वेगळी. तिने एका मुद्रणातलं थांबणं हुबेहूब उचललं होतं आणि तिच्या वाद्यावर तिथे नुसतं भोक पडत होतं. सहाव्या आठवड्यात तीन वेगवेगळी मुद्रणं एकामागून एक ऐकवली, प्रश्न एकच : १६-१७ व्या मापात, जिथे लय पुढे धावते आणि आवाज चढतो, तिथे डावा हात आधी वाढतो की उजवा? तिघांचं उत्तर वेगळं निघालं. त्यानंतर तिची नक्कल आपोआप सुटली.

लय ओढण्यावर फक्त एक बंधन ठेवलं. थांबायचं तर कानाने कारण सांगायला हवं : सूर अजून विझायचा आहे, किंवा बदललेली कॉर्ड अजून कानात बसलेली नाही. माप संपलं हे कारण नाही. २३ व्या मापात विरामावर फर्माटा, म्हणजे हवं तेवढं थांबण्याची खूण आहे, त्यानंतर शेवटच्या तीन कॉर्ड. त्या विरामात ती आकडे मोजत असे, म्हणून तो नेहमी सारखाच आणि नेहमी छोटा. आता पेडल सोडल्यावर खोलीत काही उरलं आहे का ते ऐकायचं आणि मगच हात टेकवायचा असं सांगितलं. डिजिटल वाद्यावर यासाठी रिव्हर्ब, म्हणजे कृत्रिम घुमारा, बंद करावा लागतो, नाहीतर वाद्यच खोटी खोली ऐकवतं.

दोन महिन्यांनी पुन्हा एकदा केबल लावली. चाल ५६ ते ६६, डावा हात ३० ते ४४. एकूण आवाज आधीपेक्षा कमी, तरी चाल स्पष्ट. रचना पावणेदोन मिनिटांवर आली. परीक्षेचं वाद्य अपराइट निघालं, पट्टी घरच्यापेक्षा जड. आधी मिळालेल्या काही मिनिटांत तिने रचना वाजवलीच नाही. बी वाजवून विझेपर्यंत ऐकला, डाव्या हाताची पहिली कॉर्ड सर्वांत हळू किती येते ते तीन-चारदा पाहिलं, पेडल कुठे पकडतं ते पायाने शोधलं. तरी दुसऱ्या भागात डाव्या हाताचे दोन सूर गळले.

चढाचा भाग अजून कच्चा आहे. १७ व्या मापात जोर आला की तिचा कान मिटतो आणि पुन्हा दोन्ही हात सारखे पडतात. मोठ्या आवाजात ऐकणं हा वेगळा सराव आहे आणि तो हळू आवाज बसल्यावरच घ्यावा. पुढची रचना म्हणून त्याच संचातलं सहावं, बी मायनरचं प्रिल्यूड दिलं आहे. त्यात चाल डाव्या हाताला आहे आणि सलग कॉर्ड उजव्या हाताला, त्यामुळे वजनाची सगळी सवय उलटी करावी लागेल. रियाझाची वेळ मात्र सकाळी सहाचीच.